उपास धरणारा सर्व्हर

अजिनाथला कुणी "बसा" म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. बाकी माणूस गुणाचा. पण बूड म्हणून देवानं माणसाला जे काही दिलंय, ते अजिनाथच्या बाबतीत निव्वळ पँट अडकवायची सोय होती. लग्नाच्या पंगतीत तो जेवणाऱ्यांत कधी दिसला नाही, वाढणाऱ्यांत दिसायचा. दवाखान्यात नंबर येईस्तोवर तिथल्या पंख्याची खरखर बंद करून द्यायचा. न्हाव्याच्या खुर्चीत तर इतका चुळबुळायचा की त्याच्या डाव्या कल्ल्याची आणि उजव्या कल्ल्याची उंची उभ्या जन्मात जुळली नव्हती.

पुंडलिकनगरातल्या घरात फोनवर बोलताना तो हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये अशा येरझारा घालायचा. खालच्या मजल्यावरच्या बाई छताकडं बघत म्हणायच्या, "अजिनाथचा फोन आलाय वाटतं." त्याची बायको योगिनी म्हणायची, "फरशीवर पायवाट पडलीय आपल्या घरात. आता कडंनं बाभळी तेवढ्या लावायच्या राहिल्यात."

यात त्याचा तसा दोष नव्हता. त्याचे वडील मुंजाबा अजूनही फुलंब्रीच्या अंगाला मेंढरांमागं चालतात. आजा चालला, पणजा चालला. ज्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या चालूनच पोट भरलं, त्यातल्या एका पोरानं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि लोकांनी त्याला खुर्चीत बसवायला घेतलं. पहिल्या नोकरीत खुर्चीला चाकं बघून तो हरखला होता म्हणतात. पण ती चाकं नुसती शोभेची आहेत हे कळायला त्याला आठवडा पुरला. मग दुसरी नोकरी, मग तिसरी. कुणी त्याला काढलं नाही. तोच निघून यायचा. कारण विचारलं तर सांगायचा, "काम चांगलं होतं ओ, पण बसवून ठेवायलेत."

अशा माणसाला वाळूजमध्ये द्वारका टूल्स भेटलं, आणि मेंढराला पाऊस झालेलं माळरान भेटावं तसं झालं. तिथं गाड्यांचे सुटे भाग दाबून काढायचे साचे बनतात. शेडच्या एका टोकाला ऑफिसची केबिन, दुसऱ्या टोकाला स्टोअर आणि मधल्या लांबलचक जागेत कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी. अजिनाथचं काम म्हणजे या सगळ्यांची नाडी बघत फिरणं. इथं प्रिंटर अडकला, तिथं मशिनला प्रोग्रॅम पोचला नाही, पलीकडं कॅमेरा आंधळा झाला. दिवसभर पाय थांबायचे नाहीत आणि कुणी थांब म्हणायचं नाही. कारखाना जिच्या नावाचा, ती द्वारकाबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "फिर बाबा फिर. बसलेल्या मेंढराला लोकर येत नाय."

द्वारकाबाईचे यजमान शेती सोडून या धंद्यात पडले, शेड उभं केलं, बायकोचं नाव दिलं आणि वारले. आता धंदा मुलगा विश्वजीत बघायचा. पण सकाळी शटर उघडायचं, मेन स्विच वर करायचा आणि केबिनमधल्या देव्हाऱ्याची पूजा झाल्यावरच मशिनींना हात लावू द्यायचा, हे खातं द्वारकाबाईनं स्वतःकडं ठेवलं होतं. संध्याकाळी सगळ्यात शेवटी देव निजवून, मेन स्विच खाली करून तीच कुलूप लावायची. एकदा फार पूर्वी रात्री वायर जळून पडदे पेटले होते. तेव्हापासून रात्री शेडमध्ये एक दिवासुद्धा लागलेला तिला चालायचा नाही.

पूजेच्या वेळी सगळी मंडळी केबिनमध्ये दाटीवाटीनं उभी राहायची. अजिनाथ सोडून. सुरुवातीला तोही उभा राहिला होता. पण आरतीच्या मधेच त्याला देव्हाऱ्यावरच्या बल्बच्या माळेतला एक बल्ब ढिला दिसला, आणि द्वारकाबाईनं डोळे उघडले तेव्हा अजिनाथ टेबलावर चढून देवाच्या डोक्यावर लोंबकळत होता. त्या दिवशी तिनं त्याला हात जोडले. "जा बाबा, समोर जाऊन चहा पी. तुझा नमस्कार तिथूनच पोचतो." तेव्हापासून आरती चालू असताना अजिनाथ रस्त्यापलीकडच्या टपरीवर असायचा. शेवटची घंटा ऐकू आली की कप ठेवायचा आणि रस्ता ओलांडायचा. योगिनीला तो सांगायचा, "या कारखान्यातून मी रिटायर होणार." ती म्हणायची, "रिटायर व्हायला आधी टिकावं लागतं." पण मनातून तिलाही पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं की हे गडी टिकतंय.

आणि मग सर्व्हरनं असहकार पुकारला.

सर्व्हर म्हणजे केबिनमध्ये देव्हाऱ्याशेजारी टेबलाखाली ठेवलेलं काळं खोकं. कारखान्याचं सगळं ज्ञान त्यात. आजवरच्या एकूण एक साच्याची ड्रॉइंग आणि मशिनींचे प्रोग्रॅम. हा ऐवज चार डिस्कांवर वाटून ठेवलेला. खोक्याच्या पोटात दोनच मावल्या, म्हणून बाकीच्या दोन शेजारच्या वेगळ्या पेटीत, स्वतःची वीज घेणाऱ्या. या चारींची मोट बांधायला वेगळं यंत्र नव्हतं. आतली प्रणालीच सुरू होताना चौघींना हाक मारायची आणि एकीत एक गुंफून त्यांची एकच मोठी डिस्क करायची. अजिनाथनं तिचं नाव 'चौकडी' ठेवलं होतं. विश्वजीतला त्यानं समजावलं होतं ते असं: "भैया, ही बाज समजा. एक पाय मोडला तर विटा लावून झोपता येतं. पण दोन मोडले की मग भुई."

दिवाळीच्या साफसफाईत कॅमेऱ्यांचं नवं यंत्र आलं. भिंतीवरच्या बोर्डात जागा उरली नाही. अजिनाथनं डिस्कांच्या पेटीची वायर उचलून पलीकडच्या बोर्डात खुपसली आणि स्टोअरमधला प्रिंटर बोंबलत होता तिकडं पळाला. त्याच सुमाराला त्यानं आणखी एक सुधारणा केली होती. टपरीवरून आल्यावर बटण दाबायचं आणि सर्व्हर सुरू होईपर्यंत त्याच्यासमोर उभं राहायचं, हे त्याच्या जिवावर यायचं. म्हणून वीज आली की सर्व्हरनं आपलं आपणच उठायचं, अशी त्यानं खोक्याला शिस्त लावली. चहा होईपर्यंत खोकं तयार.

दिवाळीची सुट्टी संपली. अजिनाथ चहा पिऊन आला तर पडदा काळा. चौकडी लागलेली नाही. चारपैकी दोघी हजर, दोघी गायब, सबब काम बंद. त्यानं कळफलक ओढून पाहिलं तर काय, चारीच्या चारी डिस्का शहाण्या मुलींसारख्या समोर! त्यानं अर्धवट मोट सोडली, पुन्हा हाक मारली, चौकडी लागली. सगळी तपासणी होऊन ड्रॉइंग उघडेपर्यंत बराच वेळ गेला. तोवर मशिनी उभ्या आणि माणसं तंबाखू मळत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

आजार कसा असतो बघा. डॉक्टरसमोर गेलं की ताप उतरलेला. अजिनाथनं दिवसा दहा वेळा सर्व्हर बंद करून चालू करून पाहिला. दहाही वेळा तो निमूट उठला. सकाळी मात्र अडून बसायचा. अजिनाथनं केबल बदलली. पेटीतली एक डिस्क म्हातारी होती, ती बदलली. चौकडीची ओळख प्रणालीच्या सुरुवातीच्या फायलीत नीट नोंदली आहे का, ते खोदून खोदून पाहिलं. फाईल धुतल्या तांदळासारखी स्वच्छ. शेवटी त्यानं अनुमान काढलं की पेटीतल्या डिस्का थंड प्रकृतीच्या आहेत, रात्रभर गारठतात, उठायला वेळ घेतात. मग त्यानं सर्व्हरला सांगितलं, सुरू होताना दम धर. डिस्का दिसेपर्यंत थोडा थांब, मगच हार मान. थोड्यानं भागेना म्हणून आणखी थोडा. दुसऱ्याला दम धरायला शिकवणं सोपं असतं.

आणि सर्व्हर सकाळी उठायला लागला! अजिनाथ आनंदानं शेडला दोन फेऱ्या मारून आला. पण हा आनंद चार-सहा दिवसांचा. अचानक एका सकाळी पुन्हा पडदा काळा. मग आठवडाभर ठीक. मग पुन्हा काळा. रोज बिघडतं त्याला बिघाड म्हणतात, अधूनमधून बिघडतं त्याला भूत.

या भुताची जन्मकुंडली मांडली सांडूभाऊनं. सांडूभाऊ म्हणजे मोठ्या मिलिंग मशिनवरचा जुना गडी. हात मशिनवर, तोंड सगळ्या शेडभर.

"काय अजिनाथराव, सर्व्हरला साबुदाणा देऊ का?" एका काळ्या सकाळी त्यानं विचारलं.

"काऊन?"

"आज चतुर्थी हाय. मागच्या बारीला एकादशीला झोपला होता. त्याच्या आधी परत चतुर्थीच. उपास धरायलाय तुमचा सर्व्हर."

"सांडूभाऊ, मशिनला तिथी कळत नसती."

"तुम्हाला तरी कुठं कळती? पण त्याच्या पायी उपास आम्हा सगळ्यायला घडायलाय त्याचं काय?"

शेडभर हशा पिकला. तेव्हापासून कुणी शेंगदाण्याचा लाडू आणला की एक सर्व्हरवर ठेवला जाऊ लागला. अजिनाथ तो उचलून खायचा आणि चिडून केबल हलवून बघायचा. तिथीवर बिघडणारं यंत्र जगात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीच माणसाची झोप घालवतात. त्याच्या येरझारा वाढल्या. जेवताना तो ताट हातात घेऊन फिरू लागला. योगिनीनं एकदा भाकरी वाढायला दोन खोल्या पालथ्या घातल्या, तेव्हा तो गॅलरीत पुटपुटत होता, "दोघी येतात, दोघी येत नाहीत. येत का नाहीत?"

"कोण दोघी?" योगिनीनं थंड आवाजात विचारलं.

"डिस्का."

"बरं झालं सांगितलं."

मग एका शनिवारी विश्वजीतनं त्याला केबिनमध्ये बोलावलं. विश्वजीत शांत माणूस. रागावला की जास्तच शांत व्हायचा.

"अजिनाथ, मंगळवारी सकाळी गाड्यांच्या कंपनीचे ऑडिटवाले येणारेत. ते ज्या साच्याचं ड्रॉइंग मागतील ते आपण त्यांना तिथल्या तिथं दाखवायचंय. पडदा काळा दिसला तर नव्या साच्यांची ऑर्डर गेली समज."

"नाय होणार, भैया."

"झालं तर मी हे डबडं भंगारात घालणार. सगळं नेटवर ठेवून टाकू, भाड्याच्या जागेत. मशिनींचं बाहेरचा माणूस येऊन बघील."

"अन् मी?"

"तुला कुणी जा म्हणत नाही," विश्वजीत म्हणाला. "स्टोअरला कॉम्प्युटरवर बसायला माणूस लागणारच आहे. आलेला माल टाकायचा, गेलेला माल टाकायचा. चांगली खुर्ची घेऊ. पाठीला आधार असलेली."

अजिनाथला काढून टाकलं असतं तर तो मर्दासारखा उभा राहिला असता. पण पाठीला आधार म्हटल्यावर मात्र त्याला केबिनमध्ये थांबवेना. तो बाहेर आला. त्यानं शेडकडं एकदा नजर टाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फिरायला इतकी चांगली जागा त्याला पुन्हा मिळणार नव्हती. टिकावं असं ज्या एकाच ठिकाणी वाटलं, तिथंच आता बसावं लागणार होतं किंवा तिथूनही निघून जावं लागणार होतं.

"मंगळवारी ना?" घरी योगिनीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं मान वळवली. "मंगळवारी अंगारकी आहे."

अजिनाथचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तरी तो कॅलेंडरपर्यंत चालत गेला, परत आला आणि पुन्हा गेला.

"साधी चतुर्थी असती तर गोष्ट वेगळी," तो म्हणाला.

"तुमचा विश्वास नाही ना पण?"

"माझा नाय. सर्व्हरचा असला तर?"

मंगळवारी कंपन्यांच्या बसा शहरातल्या सेव्हन हिलच्या पुलाखालून निघायच्या आत अजिनाथची मोटरसायकल वाळूजच्या रस्त्याला लागली होती. बेत असा की सर्व्हर अडला तर ऑडिटवाले येण्याआधी हातानं चौकडी लावायची. पण शटरपाशी आधीच सगळे हजर. विश्वजीत नवीन शर्टात. सांडूभाऊ तोंड धुऊन. द्वारकाबाई ठेवणीतल्या साडीत, हातात दुर्वांची जुडी.

तिनं शटर वर करायला लावलं, मेन स्विच वर केला. टेबलाखाली खोक्याचा पंखा घुर्र करून फिरला. अजिनाथ सवयीनं टपरीकडं निघाला, तर विश्वजीतनं त्याची कॉलर धरावी तसा खांदा धरला. "आज कुणी बाहेर जायचं नाही. आज सगळ्यांनी उभं राहायचं."

"भैया, मला आरतीत..."

"आज सगळ्यांनी."

केबिन ती केवढीशी. मागून माणसं आली तसा अजिनाथ पुढं रेटला गेला आणि टेबल, भिंत आणि द्वारकाबाई यांच्या मधल्या फटीत उभाच्या उभा चिणला गेला. मागं सांडूभाऊची ढेरी. हलायला जागा नाही. हात फक्त टाळीपुरते सुटे. द्वारकाबाईनं समई लावली, निरांजन लावलं, डोळे मिटले आणि आरती सुरू केली. अंगारकीची पूजा म्हणजे एका देवाच्या आरतीवर भागत नाही. वर्षभरात ज्यांना हाक मारायची राहिली असेल, त्या सगळ्यांची हजेरी होते.

पहिली आरती अजिनाथनं पायाची बोटं हलवत काढली. दुसऱ्या आरतीला बोटंही थकली. काही करायला उरलं नाही तेव्हा त्यानं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, एका जागी उभं राहून समोर बघितलं.

समोर देव्हारा. देवापुढं विजेची छोटी ज्योत, वर बल्बांची माळ. दोन्ही बंद. एरवी तो जेव्हा जेव्हा केबिनमध्ये यायचा तेव्हा ही ज्योत तेवत असायची. ती दिवसभर तेवायची. ती कधी बंद असते हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. देव्हाऱ्याखाली एक छोटा बोर्ड, त्याला एकच बटण, कुंकवाचं बोट लागून लागून लाल झालेलं. त्या बोर्डातून माळेची वायर वर गेलेली. ज्योतीची वायर वर गेलेली. आणि तिसरी एक काळी वायर... खाली. टेबलाखाली. डिस्कांच्या पेटीकडं.

ती वायर त्यानंच तिथं खुपसली होती. दिवाळीत. पळता पळता.

अजिनाथनं पेटीकडं बघितलं. पेटी अंधारी, चिडीचूप. शेजारी खोक्याचा हिरवा दिवा मात्र लागलेला. खोकं उठून बसलं होतं आणि समोरच्या दोन डिस्का येतील म्हणून दम धरून वाट बघत होतं. आणि त्या दोघींना वीज कधी मिळणार? आरती संपल्यावर द्वारकाबाई ते लाल बटण दाबेल तेव्हा. साध्या दिवशी पूजा आटोपशीर, तेवढा दम खोक्याला पुरायचा. चतुर्थी-एकादशीला आरत्या लांबायच्या आणि खोक्याचा धीर सुटायचा. घंटा ऐकून अजिनाथ टपरीवरून येईपर्यंत ज्योत लागलेली, पेटी चालू आणि चारी डिस्का शहाण्या मुलींसारख्या समोर. संध्याकाळी अजिनाथ सर्व्हर बंद करून गेला की देव निजवताना बटण पुन्हा बंद. भूत असं रोज त्याच्या चहाच्या वेळात येऊन जात होतं.

त्याला नाचावंसं वाटलं. नाचायला जागा नव्हती. आणि खोक्याचा दम संपत आला होता. आज पडदा काळा पडला की हातानं चौकडी लावून तपासणी होईपर्यंत ऑडिटवाले येऊन बसणार. पेटीला आत्ता वीज मिळायला हवी. आत्ता. बटण हाताच्या अंतरावर होतं. तिसरी आरती चालू होती. अजिनाथचा उजवा हात टाळीतून सुटला आणि हळूहळू लाल बटणाकडं निघाला.

फट्!

द्वारकाबाईनं डोळे न उघडता, सूर न सोडता, त्याच्या मनगटावर चापट दिली. हात मागं आला. मागून सांडूभाऊ कानात कुजबुजला, "गप उभं राहा की, भाड्या. देव पळून चाललाय काय?"

अजिनाथ परत टाळ्या वाजवू लागला. सगळं अंग एखाद्या दाव्याला बांधलेल्या कोकरासारखं ओढ घेत होतं. पेटी लवकर उठत नाही. पेटीला उठवता येत नाही. मग? आणि त्याच्या डोक्यात सरळ विचार आला. इतके महिने पळत असताना जो आला नव्हता, तो उभं राहिल्यावर आला. पेटीला घाई करता येत नसेल, तर खोक्याला निजवता येईल! चौकडी अजून लागलेलीच नाही, तेव्हा खोकं मधेच बंद केलं तरी काही सांडत नाही, काही फुटत नाही.

खोकं त्याच्या पायाशी होतं. त्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. चेहऱ्यावर भक्तिभाव ठेवून, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत, तोंडानं येत नसलेली आरती म्हणत अजिनाथनं उजवा पाय पुढं सरकवला, अंगठ्यानं खोक्याचं बटण चाचपलं आणि दाबून धरलं. एका पायावर उभा. सांडूभाऊला वाटलं गड्याच्या अंगात आलं. त्यानं आधाराला हात दिला. खोक्याचा पंखा घुर्र करून थांबला. हिरवा दिवा विझला.

मग अजिनाथनं पाय खाली घेतला आणि उरलेल्या सगळ्या आरत्या तो खरोखर स्वस्थ उभा राहिला. पुढं द्वारकाबाई सांगायची, त्या दिवशी गणपतीपेक्षा अजिनाथच जास्त स्थिर दिसत होता.

शेवटची घंटा झाली. लाल बटण दाबलं गेलं. देवापुढं ज्योत लागली, माळ लुकलुकली आणि टेबलाखाली पेटीतल्या दोन डिस्का किणकिणत फिरायला लागल्या. अजिनाथनं त्यांना नीट जागं होऊ दिलं. मग वाकून, या वेळी हातानं, खोक्याचं बटण दाबलं. खोक्यानं हाका मारल्या. चौघींनी ओ दिली.

ऑडिटवाले आले तेव्हा त्यांना चहा, प्रसादाचा मोदक आणि मागितलेलं प्रत्येक ड्रॉइंग तिथल्या तिथं मिळालं. जाताना त्यांच्यातला एक जण म्हणाला, "तुमची सिस्टीम चांगली आहे." विश्वजीतनं अजिनाथकडं बघितलं. अजिनाथ शेडच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.

दुपारी केबिनमध्ये त्याची साक्ष झाली.

"काकू, पेटीची वायर देवाच्या बटणावर हाय," अजिनाथ म्हणाला.

"मग? चांगलंच झालं की."

"पण सर्व्हर मेन स्विचबरोबर उठायलाय. अन् पेटी तुमची आरती झाल्यावर."

द्वारकाबाईच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे ते खोकं देवाच्या आधी उठतंय व्हय?"

"व्हय."

"कुणी शिकवलं त्याला असलं?"

अजिनाथनं टेबलावरची एक पेन्सिल उचलून दुसऱ्या जागी ठेवली. "मीच."

"तरीच!" द्वारकाबाई म्हणाली.

सांडूभाऊ दारातून म्हणाला, "म्हणजे उपास सर्व्हरचा नव्हता, काकूंचा होता."

"वायर आत्ता हलवतो," अजिनाथ टेबलाखाली वाकला. "दुसऱ्या बोर्डात टाकली की काम झालं."

"अंहं," द्वारकाबाईनं हात आडवा केला. "देवापाशी एकदा जागा दिली ती दिली. उठ म्हणायचं नाय. तुमचं ते खोकं उठू द्या मागून. देव उठला, पेटी उठली, मग खोकं. सगळ्या मशिनी तशाच उठतात का नाय? त्यालाच काय सोनं लागलंय?"

विश्वजीतनं आईकडं बघितलं आणि वाद घालण्यात अर्थ नाही हे तो लहानपणीच शिकलेला असल्यामुळं त्यानं ती पेन्सिल उचलून परत जागेवर ठेवली. अजिनाथनंही विचार केला. म्हातारी चूक बोलत नव्हती. आधी डिस्कांना वीज, मग सर्व्हरला. कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल. फक्त आपलं आपण उठायची शिस्त काढून टाकायची आणि पूजा झाल्यावर कुणीतरी हातानं बटण दाबायचं.

"कुणीतरी म्हणजे कोण?" विश्वजीतनं विचारलं.

सगळे अजिनाथकडं बघत होते.

"पण भैया, त्याच्यासाठी रोज आरतीला..."

"उभं राहावं लागेल," विश्वजीत म्हणाला. "नाहीतर ती स्टोअरची खुर्ची आहेच. मी चौकशी करून ठेवलीय. डोक्यालाही आधार असतो म्हणे."

अजिनाथनं शेडकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं, देवाकडं बघितलं. दिवसभर फिरायला मिळावं म्हणून रोज सकाळी घटकाभर उभं राहायचं. सौदा कडक होता, पण वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवशी आरतीला तो सगळ्यात पुढं उभा होता. पहिल्या कडव्यालाच त्याचा डावा गुडघा नाचायला लागला, बोटं शर्टाच्या गुंडीशी खेळायला लागली आणि नजर बल्बच्या माळेवर गेली. द्वारकाबाईनं एक डोळा उघडला. सूर न सोडता तिनं शेजारची पितळी घंटी उचलली आणि त्याच्या हातात दिली. हाताला काम मिळालं तशी अजिनाथनं ती सपाटून वाजवली. मशिनीच्या ठेक्यात.

सांडूभाऊ म्हणतो, ते गडी घंटी वाजवायला लागल्यापासून द्वारका टूल्समधली आरती अर्ध्या वेळात व्हायलीय. म्हातारीला मधे श्वास घ्यायला सवड मिळत नाही. पण ती तक्रार करत नाही. शेवटच्या घंटेला लाल बटण ती दाबते, ज्योत लागते, पेटी किणकिणते. मग ती अजिनाथकडं बघून मान हलवते, आणि घंटी खाली ठेवायच्या आतच त्याचा दुसरा हात खोक्याच्या बटणावर गेलेला असतो.